वाचक विचारतात: दिनारावरची नावं, वजन आणि कस

मध्ययुगीन इस्लामी जगातल्या प्रादेशिक घराण्यांच्या (इजिप्तचे फातिमी, गझनीचे गझनवी वगैरे) सोन्याच्या नाण्यांबद्दल, म्हणजे दिनारांबद्दल, बरीच पत्रं आली. ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील, अशी काही इथे घेतली आहेत. नुसता फोटो पाठवून 'किंमत किती?' विचारणाऱ्यांची क्षमा मागतो. फोटोवरून किंमत सांगणारा एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर गिऱ्हाईक.

प्रश्न: अरबी येत नाही. फातिमी किंवा गझनवी दिनाराचा स्पष्ट फोटो समोर असेल, तर त्यावरची टांकसाळ आणि साल कसं शोधायचं? (पुणे)

अरबी भाषा यायलाच हवी असं नाही. अठ्ठावीस अक्षरांची ओळख आणि वीस-पंचवीस शब्दांचे आकार डोळ्यांत बसले, की बरंच काम होतं. अडचण कुफी या जुन्या, कोनदार अरबी लिपीची आहे. नाण्यांवरच्या कुफीत अक्षरांवरचे नुक्ते बहुधा नसतात, त्यामुळे ब, त, थ, न, य ही पाच अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की एकसारखाच एक दात दिसतो.

आधी नाणं असं धरा की मधल्या ओळी आडव्या आणि सरळ दिसतील. मग कडेचा गोलाकार लेख पाहा. अक्षरांचे पाय मध्याकडे असतात, म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाचायचा. सुरुवात सहसा 'बिस्मिल्लाह'ने होते. त्यापुढे 'दुरिब' (पाडलं), मग 'हाज़द्दीनार', मग 'बि' आणि त्याला जोडून टांकसाळीचं नाव, मग 'सनत' आणि साल. 'हाज़द्दीनार'पाशी क्षणभर थांबा. तिथे 'दिरहम' वाचलं गेलं, तर तुमच्यासमोर चांदीच्या नाण्यावर सोन्याचा मुलामा दिलेला माल असण्याची दाट शक्यता आहे. पिवळा रंग पाहून हरखलेली माणसं हा शब्द हमखास वाचायचा विसरतात.

टांकसाळीच्या नावांत काही चकवे आहेत. 'मदीनतुस्सलाम' म्हणजे बगदाद, 'अल-मुहम्मदिया' म्हणजे आजच्या तेहरानजवळचं रय, आणि 'मिस्र' म्हणजे इथे अख्खा इजिप्त नसून फुस्तात शहर (आजच्या कैरोचा जुना भाग).

साल शब्दांत असतं. आपण अठ्ठावन्न म्हणताना आठ आधी घेतो तसंच इथेही, फक्त शतक सगळ्यात शेवटी: 'समान व खम्सीन व सलासमिया' म्हणजे आठ आणि पन्नास आणि तीनशे, 358. हिजरीचं इसवी सन काढायला त्या सालाचा तेहतिसावा भाग त्यातून वजा करा आणि 622 मिळवा. 358 मधून सुमारे 11 गेले, 347 राहिले, त्यात 622 मिळवले की 969. फातिमी सेनापती जौहरने इजिप्त घेतला ते हेच साल, आणि 'मिस्र' टांकसाळीचे पहिले फातिमी दिनारही याच हिजरी सालाचे.

सगळ्यात जास्त घोळ सात आणि नऊ या आकड्यांत होतो. 'सबअ'मध्ये आधी स चे तीन दात आणि मग ब चा एक. 'तिसअ'मध्ये आधी त चा एक आणि मग स चे तीन. दोन्हींत एकूण चार दात, त्यापुढे ऐन. नुक्ते नसले की उरतं ते एवढंच, की एकटा दात कारागिराने थोडा उंच काढला आहे का, आणि तो उजव्या टोकाला आहे की डाव्या. सत्तर आणि नव्वद यांचंही तसंच. अशा वेळी दातांकडे डोळे फोडत बसण्यापेक्षा नावं वाचावीत. खुरासानातल्या (आजच्या ईशान्य इराणच्या भागातल्या) निशापूरच्या दिनारावर साल तीनशे सत्तरच्या घरातलं की नव्वदच्या, हे ठरत नसेल तर खलिफाचं नाव पाहा. 'अत्-ताइ' आणि बुखाऱ्याच्या सामानी घराण्याचा अमीर नूह बिन मन्सूर दिसले तर सत्तर. 'अल-क़ादिर' आणि गझनीचा महमूद दिसले तर नव्वद.

प्रश्न: दिनाराचं प्रमाण वजन 4.25 ग्रॅम, असं वाचलं. मग एकाच टांकसाळीचे गझनवी दिनार कुठे 3.4 तर कुठे 4.9 ग्रॅमचे कसे? हलकी नाणी कातरलेली समजायची का? आणि कस घरी तपासता येतो का? (नाशिक)

4.25 ग्रॅम हे उमय्यद खलिफा अब्दुल मलिकने हिजरी 77 मध्ये (इ. स. 696-97) केलेल्या सुधारणेचं प्रमाण. इजिप्तच्या तुलूनी आणि फातिमी टांकसाळींनी त्याच्या जवळपास राहण्याचा चांगला प्रयत्न केला. पूर्वेकडे, खुरासानात, चकती-चकती तोलून सारखी करण्याची तसदी घेतली जात नसे. व्यवहारात सोनं काट्यावर तोलूनच घेतलं जाई, मग प्रत्येक नाणं सारखं करण्यात टांकसाळीने वेळ का घालवावा? त्यामुळे निशापूरचा 3.4 ग्रॅमचा दिनार पूर्ण अस्सल आणि अखंड असू शकतो. कातरलं आहे का, हे वजनावरून न ठरवता कडेवरून ठरवा. कातरलेल्या नाण्यावर बाहेरचा लेख एका बाजूला सरळ रेषेत तुटलेला दिसतो आणि त्या जागी कड धारदार लागते.

हलकी नाणी मुद्दाम पाडणारेही होते. यमनच्या सुलैही घराण्याचे दिनार सुमारे अडीच ग्रॅमचे. सिसिलीत पाव दिनार चालत, जेमतेम एक ग्रॅमचा. बेटावर नॉर्मन राजे आले, तरी त्यांनी तो प्रकार बंद केला नाही. इजिप्तमध्ये तोलायला काचेची वजनं वापरत, त्यावर खलिफाचं नाव उमटवलेलं असे. काच घासून हलकी केली तर ते लगेच दिसतं, आणि ती गंजून जडही होत नाही.

आता कस. घरी करता येण्यासारखी एकच परीक्षा विश्वासाची आहे, ती म्हणजे पाण्यातली. पण काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. शंभरावा भाग दाखवणारा, बाजारात सहज मिळणारा काटा इथे उपयोगाचा नाही. का, ते आकड्यांतच पाहा.

नाणं कोरडं तोला. समजा 4.20 ग्रॅम भरलं. काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधा आणि वरून टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल, तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. शुद्ध सोनं असेल तर तो 0.218 ग्रॅम येईल. भेसळ चांदीची धरली, तर नव्वद टक्के सोन्याला 0.236, ऐंशी टक्क्यांना 0.254 आणि सत्तर टक्क्यांना 0.272. म्हणजे 0.01 ग्रॅमची चूक झाली की कसात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो. बावीस कॅरेटचं तेवीसच्या वर जातं, नाहीतर एकवीसच्या खाली.

चुका ठरलेल्या आहेत. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि चांगलं नाणं हिणकस ठरतं. म्हणून पाणी आधी उकळून गार करा आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. नाणं तळाला टेकलं की आकडा भलताच वर जातो. नाण्याला कडी असेल किंवा भोक बुजवून डाख दिलेला असेल, तर ही परीक्षा सोडून द्या, कारण तुम्ही डाखाचंही घनत्व मोजत असता. भेसळीत तांबं असलं तर वरचे टक्के थोडे हलतात. घासून पाहण्यासाठी सराफाच्या कसोटीवर नाणं मुळीच नेऊ नये. त्याच्याकडचं कॅरेट दाखवणारं यंत्र नाण्याला इजा करत नाही, पण ते फक्त वरचा पापुद्रा वाचतं. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या हिणकस सोन्याच्या वरच्या थरातून चांदी आणि तांबं झिरपून गेलेलं असतं. त्यामुळे यंत्राचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

आलेल्या आकड्याचा अर्थ घराण्याप्रमाणे लावायचा. फातिमी दिनार पंचाण्णव टक्क्यांच्या खाली आला तर कपाळावर आठी पडायला हवी. सल्जुक सुलतान संजरच्या काळातला पूर्वेकडचा दिनार फिकट, चांदीकडे झुकलेला निघाला, तर त्यात काही वावगं नाही. तिथे सोनं तसंच होतं. गझनवींच्याही बाबतीत निशापूरचं सोनं चोख, तर हेरातचं फिकट. एकाच सुलतानाचं नाव असलं म्हणून टांकसाळ विसरून चालत नाही.

प्रश्न: गझनीचा महमूद एवढा बलाढ्य, तरी त्याच्या दिनारावर बगदादच्या खलिफाचं नाव का? खलिफाची तर त्या काळी स्वतःच्या राजवाड्यातही फारशी चालत नव्हती ना? (छत्रपती संभाजीनगर)

चालत नव्हती, हे खरं. बगदादवर तेव्हा बुवैही घराण्याचा ताबा होता. पण शुक्रवारच्या खुतब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) आणि नाण्यावर कोणाचं नाव घ्यायचं, यावरून राज्य कायदेशीर की बंडखोर हे ठरत असे, आणि खलिफाचं नाव ही त्यातली पहिली पायरी. दिनार वाचताना कोण आहे याइतकंच कोण नाही हेही पाहावं लागतं, आणि आमच्या मते या नाण्यांची खरी गोडी त्यातच आहे.

महमूदचीच गोष्ट घ्या. हिजरी 381 मध्ये (इ. स. 991) बुवैही अमीर बहाउद्दौलाने खलिफा अत्-ताइला पदावरून काढलं आणि अल-क़ादिरला बसवलं. बुखाऱ्याच्या सामानींनी हा बदल मानला नाही. पुढची सात-आठ वर्षं त्यांच्या राज्यातल्या नाण्यांवर पदच्युत अत्-ताइचंच नाव येत राहिलं. महमूद तेव्हा खुरासानात सामानींचा सेनापती. त्या काळातल्या निशापूरच्या दिनारावर खलिफा अत्-ताइ, त्याखाली सामानी अमीर आणि शेवटी 'सैफुद्दौला' या उपाधीने महमूद, अशी उतरंड दिसते. 389 मध्ये (इ. स. 999) महमूदने सामानींचा मर्वजवळ पराभव केला आणि अल-क़ादिरला मान्यता दिली. बदल्यात बगदादहून 'यमीनुद्दौला व अमीनुल मिल्ला' हा किताब आला. यानंतरच्या दिनारावर सामानी अमीर नाही, अत्-ताइ नाही. अल-क़ादिर आहे आणि नव्या किताबासह महमूद आहे. सौदा दोघांच्या फायद्याचा होता.

याच्या उलट टोक स्पेनमध्ये. कॉर्दोबाचे उमय्यद अमीर दीडशेहून अधिक वर्षं फक्त चांदी पाडत राहिले. अब्दुर्रहमान तिसरा याने हिजरी 316 च्या अखेरीस (इ. स. 929) स्वतःला खलिफा घोषित केलं आणि 317 पासून तिथे दिनार सुरू झाले. फातिमींनी त्याआधीच उत्तर आफ्रिकेत स्वतःच्या खिलाफतीचे दिनार काढले होते, हे त्यामागचं एक उघड कारण. मोरोक्कोतल्या सिजिल्मासा या वाळवंटाच्या दारावरच्या गावात तर मिद्रारी घराण्याचा मुहम्मद बिन अल-फत्ह 'अश्-शाकिर लिल्लाह' नाव घेऊन स्वतःच खलिफा झाला आणि त्याने त्या नावाचे दिनारही पाडले. सहारापारचं सोनं त्याच्याच वेशीतून येत होतं! 347 मध्ये (इ. स. 958) जौहरने त्याला पकडून नेलं.

आणि आता तुमच्या घराजवळचं उदाहरण. मुहम्मद बिन तुघलकाने हिजरी 741 पासून स्वतःचं नाव गाळून कैरोच्या अब्बासी खलिफा अल-मुस्तक्फीच्या नावाने टंके (भारतातली तेव्हाची नाणी) पाडले, सोन्याचेसुद्धा. अल-मुस्तक्फी त्याआधीच, 740 मध्ये वारला होता. दिल्लीला ते कळेपर्यंत मेलेल्या खलिफाच्या नावाने टांकसाळ चालूच राहिली.

प्रश्न: महमूदच्या नाण्यावर संस्कृत लेख आहे म्हणतात. ते नाणं सोन्याचं का? (ठाणे)

नाही, चांदीचं. महमूदपूर, म्हणजे लाहोर, इथे हिजरी 418-419 मध्ये पाडलेले टंके. एका बाजूला कुफीत कलिमा, दुसऱ्या बाजूला 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद' असा लेख. सोन्यात नागरी पाहायची असेल तर पावणेदोनशे वर्षं पुढे या. मुइज्जुद्दीन मुहम्मद घोरीने उत्तर भारतात बसलेल्या लक्ष्मीचाच छाप ठेवून, मागे 'श्रीमहमद बिनि साम' अशी नागरी अक्षरं असलेली सोन्याची नाणी काढली. कनौज-काशीच्या गाहडवाल राजांच्या नाण्याला सरावलेल्या बाजाराला हात न लावण्याचा तो व्यवहारी मार्ग होता. ही नाणी चोख सोन्याची नसतात, हे विकत घेणाऱ्याने आधीच धरून चालावं.

प्रश्न: फातिमी दिनार आणि धर्मयोद्ध्यांनी (क्रुसेडरांनी) त्याची केलेली नक्कल यांत फरक कसा ओळखायचा? (मुंबई)

फातिमींची ओळख म्हणजे वर्तुळांत वर्तुळं. खलिफा अल-मुइज्ज (953-975) याने मधल्या आडव्या ओळी काढून टाकून एकात एक तीन गोल लेख आणले. त्या काळात लांबूनही ओळखू येणारा, शिया खिलाफतीची जाहिरात करणारा हा साचा. मधल्या वर्तुळात 'दआ अल-इमाम मअद लि-तौहीद अल-इलाह अस्-समद' आणि आतल्यात 'अल-मुइज्ज लि-दीनिल्लाह अमीरुल मोमिनीन'. (मअद हे त्याचं जन्मनाव.) नंतर अल-आमिरच्या (1101-1130) दिनारांवर मध्यभागी 'आल ग़ाया' असे दोन शब्द येतात, म्हणजे अत्युच्च दर्जाचा.

जेरुसलेम आणि (लेबनॉनमधल्या) त्रिपोलीच्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांना व्यापारासाठी हाच दिनार हवा होता. म्हणून त्यांनी फातिमी खलिफा अल-मुस्तन्सिर आणि अल-आमिर यांच्या नाण्यांच्या नकला पाडल्या. नकलेत सोनं आधी ऐंशी टक्क्यांच्या आसपास, पुढे अडुसष्टच्या आसपास. त्यामुळे रंगावरूनच शंका येते. पण निर्णय अक्षरांवर करा. ठसा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हतं. तो आकार उतरवत होता. त्यामुळे कडेच्या लेखात नुसत्या उभ्या दांड्या येत राहतात, अलिफ आणि लाम यांत फरक राहत नाही, आणि साल शोधायला गेलात तर तिथे शब्दच नसतो. मध्यावरचे दोन मोठे शब्द मात्र नीट असतात. म्हणून मध्य पाहून फसू नका, कडेला भिंग लावा.

अरबी मजकूर पाडण्यावर पोपने हरकत घेतल्यावर अक्का (एकर) या धर्मयोद्ध्यांच्या बंदरात 1251 पासून अरबी लिपीतच, पण ख्रिस्ती मजकुराची आणि मध्ये क्रॉस असलेली नाणी निघाली. त्यावरचं साल हिजरी नाही, इसवी आहे. लिपी बदलण्याची हिंमत तेव्हाही कोणाची झाली नाही, कारण बाजाराला अरबी अक्षरांचंच सोनं हवं होतं.

तोच प्रकार स्पेनमध्ये. मोरोक्को आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या अल-मुराबितांचे दिनार (सिजिल्मासा, अगमात, फास, अल्मेरिया वगैरे टांकसाळींचे) इतके चोख होते, की ते येणं थांबल्यावर कास्तीय या ख्रिस्ती राज्याच्या आठव्या अल्फोन्सोने टोलेडोत तसंच नाणं पाडलं, अरबीत. त्यात पोपला इमाम म्हटलं आहे, अल्फोन्सोला कॅथलिकांचा अमीर, आणि खाली 'एएलएफ' ही तीन लॅटिन अक्षरं. इथे साल काढताना जपा. ते स्पॅनिश कालगणनेचं आहे, त्यातून 38 वजा करायचे. नाण्यावर 1213 असेल तर ते इ. स. 1175. हिजरीचं सूत्र लावलंत, तर 1798 मध्ये जाऊन पोचाल.

प्रश्न: आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक नाणं अरबी अक्षरांचं आहे. ते फातिमी किंवा अब्बासी असू शकेल का? (सांगली)

माळेतल्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसच्या डुकॅटच्या धर्तीवरचा छाप, आणि त्यांच्यात एखादं अरबी अक्षरांचं नाणं ओवलेलं सापडतं. पण ते मध्ययुगीन असण्याची शक्यता फार कमी. दोन गोष्टी पाहा. साल आकड्यांत आणि चार अंकी आहे का? वर विचारलेल्या घराण्यांचे दिनार साल शब्दांत लिहितात. 1223, 1255, 1277 किंवा 1293 यांपैकी एखादा आकडा आणि वर गुंतागुंतीची सही असेल, तर ते उस्मानी तुर्की नाणं. हे आकडे सुलतानाच्या राज्यारोहणाचे असतात, त्यामुळे त्याच्या सगळ्या कारकिर्दीत तेच साल येत राहतं. पूर्ण तुर्की लिरा 7.2 ग्रॅमचा आणि बावीस कॅरेटचा, पाव लिरा 1.8 ग्रॅमचा. दुसरं, अक्षरं नुसतीच अरबीसारखी दिसतात का? दागिन्यांसाठी सोनार नकली लेखाच्या चकत्या करत, आणि त्यांत एकही शब्द जुळत नाही.

आपल्या भागातलं खरं मध्ययुगीन सोनं पाहायचं, तर ते दिनार नव्हे, टंका. सुमारे अकरा ग्रॅमचा. अलाउद्दीन खलजीच्या सोन्याच्या टंक्यांवर 'क़िला देवगीर' ही टांकसाळ येते. बहमनींनी गुलबर्गा (अहसनाबाद) आणि पुढे बीदर (मुहम्मदाबाद) इथून टंके पाडले. फरिश्ता लिहितो की पहिल्या मुहम्मदशहाची ही नाणी दक्षिणेतले सराफ वितळवून टाकत, विजयनगरचा होन चालावा म्हणून, आणि शहाने त्याबद्दल सराफांना ठार केलं. फरिश्त्याने हे दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलं, तेव्हा तपशील सैल हाताने धरावा. पण बाजाराच्या सवयीपुढे राजाचा छाप हरतो, हा अनुभव दख्खनलाही होता.

प्रश्न: मी अबू धाबीत राहतो. सुट्टीत येताना गावाकडचं जुनं सोन्याचं नाणं अभ्यासासाठी सोबत नेता येईल का?

नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. अभ्यासासाठी फोटो पुरतात: दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी, आणि मिलिग्रॅममध्ये वजन. नाणं शेतात किंवा घर पाडताना सापडलं असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. त्यात दहा रुपयांवरचं सगळं येतं, म्हणजे सोन्याचा तुकडासुद्धा.

प्रश्न: फोटोत कडेची अक्षरं उमटतच नाहीत. नाणं चिंचेने घासलं तर? (कोल्हापूर)

चिंच, राख, टूथपेस्ट, काहीच लावू नका. सोनं काळं पडत नाही, वर असते ती माती किंवा तांबूस साका. गाळलेल्या पाण्यात दिवसभर ठेवा आणि मऊ सुती कापडावर न घासता टिपून घ्या. तांबूस साका राहिला तर राहू द्या, तो काढताना अक्षरांची कड जाते. कडेचं साल अनेकदा मळामुळे नव्हे, ठसा अर्धवट बसल्यामुळे पुसट असतं, कारण चकतीची जाडी सगळीकडे सारखी नसे. त्यासाठी वरचा दिवा बंद करून टेबलावरचा एकच दिवा बाजूने, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर आणा आणि नाणं थोडं थोडं फिरवत चार फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेला दात दुसऱ्यात सावली टाकतो.